सावद्याची सभा कुठं भरते?

चिनावल आणि सावदा या दोन गावांमधलं अंतर जेमतेम काही किलोमीटरचं. दोन्हीकडं केळी. मृगबागेची लागवड कधी धरायची, कांदेबागेला पाणी पुरेल का, आज बोर्डाचा भाव काय निघाला आणि व्यापाऱ्यानं हातात काय टेकवलं, या बोलण्यातच दोन्हीकडची सकाळ जाते. बोली तीच, लेवा गणबोली. सोयरिकी एकमेकांत. फरक आहे तो कायद्यानं केलेला. चिनावल ग्रामपंचायत आहे, सावदा नगरपालिका. चिनावलच्या मतदाराला ग्रामसभेत उभं राहून विचारता येतं, की गटारीचे पैसे कुठं गेले. सरपंचाला आणि ग्रामसेवकाला तिथं तोंडावर उत्तर द्यावं लागतं. द्यायचं नसेल तर सगळ्या गावादेखत टाळावं लागतं. सावद्याच्या मतदाराला अशी जागाच नाही. त्याचं गाव मोठं झालं, सरकारदरबारी शहर म्हणून नोंदलं गेलं, आणि त्या बदल्यात त्याचा बोलण्याचा हक्क गेला.

गाव बोलत नाही असं मात्र मुळीच नाही. सावदा फार बोलतं. बसस्टँडच्या चहाच्या टपरीवर, केळी ग्रुपच्या ऑफिसात, मंदिराच्या ओट्यावर, मशिदीतून बाहेर पडल्यावर, 'नगरपालिका काय करू राह्यली?' हा प्रश्न रोज निघतो. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, नव्या कॉलनीत गटार कधी होणार, ले-आउटमधली मोकळी जागा कुणी बळकावली, रस्ता खोदला तो बुजवणार कोण, घरपट्टी एवढी कशी वाढली. लोकांना आपल्या वॉर्डातल्या कामाचा ठेकेदारही ठाऊक असतो आणि रस्त्यावर किती जाडीचा थर पडायला हवा होता तेही. हे सगळं ज्ञान टपरीवर तयार होतं आणि टपरीवरच संपतं. इतिवृत्तात त्यातलं अक्षरही जात नाही. मला खुपतं ते हे.

सरकारच्या निर्णयावर एकत्र येऊन बोलण्याची या गावाची सवय नगरपालिकेपेक्षा जुनी आहे. १७६३ साली निजामाकडून सावदा पेशव्यांकडं आलं आणि थोड्याच काळात सरदार रास्त्यांना मिळालं. रास्त्यांची मुलगी पेशव्यांच्या घरात दिलेली होती. इंग्रज आले, आणि त्यांच्यामागोमाग जमीनमोजणी आली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून सुरू केलेली पद्धत १८५२ साली खानदेशात पोचली. साखळी टाकून शेत मोजायचं, मातीची प्रत ठरवायची आणि तीस वर्षांसाठी सारा बांधून द्यायचा. कागदावर ही पद्धत रयतेच्या सोयीची दिसत होती. पण शेत मोजणारे परके, प्रत ठरवणारे परके, आणि ठरलेल्या आकड्याबद्दल कुणी कुणाला विचारलेलं नाही. सावद्याला दहा ते पंधरा हजार माणूस जमलं. गॅझेटियरमध्ये याची नोंद 'गंभीर दंगा' अशी आहे. लष्कराची तुकडी येऊन पुढाऱ्यांना धरेपर्यंत लोक हलले नाहीत.

दहा-पंधरा हजार. १९०१ साली खुद्द सावद्याची वस्ती नऊ हजारांच्या आत होती. त्याच्या अर्धशतक आधी ती किती असेल याचा अंदाज करावा. म्हणजे जमाव एकट्या सावद्याचा नव्हता. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी बैलगाड्या जुंपून आले असणार. सरकारी नोंदीत त्यांचं म्हणणं काय होतं हे नीट उतरत नाही, त्यांना कसं पांगवलं हे उतरतं. अर्ज देण्याची, हरकत घेण्याची, सुनावणी मागण्याची काही रीत त्यांच्यासमोर असती, तर एवढी माणसं रानात जमली असती का, हा प्रश्न मला त्या नोंदीपाशी दर वेळी पडतो.

पुढं १८८३ साली सावद्याला नगरपालिका आली. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव त्याच्या आदल्या वर्षीचा. त्या काळी सावदा हा खानदेश जिल्ह्याचा एक तालुका होता; पुढं तालुक्याचं नाव आणि कचेरी रावेरला गेली. १९०३-०४ मध्ये पालिकेचं उत्पन्न साडेअकरा हजार रुपये होतं. कापूस, हरभरा, जवस, गहू यांचा व्यापार चाले आणि आठवडे बाजारात निमाडी नि वऱ्हाडी गुरं विकायला येत. एक दवाखाना, चार शाळा, त्यातली एक मुलींची. तालुक्याचं ठाणं नसलेल्या, वीस हजारांच्या थोड्या वर वस्तीच्या गावाला (हा आकडा २०११च्या जनगणनेतला) एवढी जुनी पालिका आहे, याचा सावदेकरांना अभिमान आहे आणि तो रास्त आहे.

चार-पाच किलोमीटरवर फैजपूर. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन तिथं झालं. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, नंदलाल बोसांनी बांबू-चटयांसारख्या साध्या सामानातून नगर सजवलं होतं, आणि खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांनी गावोगावचे हात त्या कामाला जुंपले होते. देशाचा कारभार खेड्यातल्या मांडवात बोलला जाऊ शकतो, हे या पट्ट्यानं डोळ्यांनी पाहिलं आहे. मग स्वतःच्या गल्लीचा कारभार बोलायला इथं मांडव का नसावा?

याचं उत्तर राज्यघटनेच्या दोन दुरुस्त्यांमध्ये आहे. त्या जुळ्या म्हणून ओळखल्या जातात, पण त्यांचं नशीब सारखं नाही. ७३व्या दुरुस्तीनं खेड्याला ग्रामसभा दिली: गावातले सगळे मतदार, प्रतिनिधींची मध्यस्थी न लागता. महाराष्ट्रात ती वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते, आणि तिच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. १ जून १९९३ला लागू झालेल्या ७४व्या दुरुस्तीनं शहरांना काय दिलं? प्रभाग समित्या, त्याही तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना. पुण्या-नाशकाला. सावदा ही 'क' वर्गाची नगरपालिका, चाळीस हजारांच्या आतली. म्हणजे खेडं म्हणून ग्रामसभा नाही आणि महानगर म्हणून प्रभाग समिती नाही. महाराष्ट्रातली शेकडो छोटी शहरं या मधल्या पट्टीत अडकली आहेत. जळगाव जिल्ह्यातच गेल्या दहा-बारा वर्षांत वरणगाव, मुक्ताईनगर, नशिराबाद अशा मोठ्या ग्रामपंचायतींची नगर परिषद किंवा नगर पंचायत झाली. तिथं लोकांनी पेढे वाटले. निधी वाढेल, रस्ते होतील, हे खरंच होतं. पण त्याच दिवशी आपली ग्रामसभा संपली, हे किती जणांच्या लक्षात आलं?

कुणी म्हणेल, नगरसेवक निवडून दिलाय ना, त्यानं बोलावं. पालिकेची सर्वसाधारण सभा लोकांना खुली असते. अध्यक्षांनी मनाई केली नाही तर कुणालाही जाऊन बसता येतं. बसता येतं, बोलता येत नाही. आणि बसतं तरी कोण? सभेची विषयपत्रिका नगरसेवकांच्या घरी जाते, गल्लीत येत नाही. वीस-तीस विषय एका दुपारी मंजूर होतात. वार्ताहर असला तर दुसऱ्या दिवशी 'देशदूत'मध्ये चार ओळी येतात. नगरसेवकाशी भांडायचं तर तो भेटेल तिथं भांडायचं, लग्नात, अंत्ययात्रेत, दवाखान्याच्या दारात. एका प्रभागात दोन नगरसेवक, त्यामुळं काम अडलं की एकानं दुसऱ्याकडं बोट दाखवायचं.

तेही चार वर्षं नव्हते. २०१६च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरपालिकांची मुदत २०२१ संपता संपता संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असं घटनेच्या २४३-यू या कलमात स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली अहमदाबादच्या प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं होतं. तरी ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला, प्रभागरचना बदलत राहिली आणि राज्यभरच्या पालिकांवर प्रशासक बसले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून बजावलं. मग सप्टेंबरात ३१ जानेवारी २०२६पर्यंत मुदत वाढवून दिली. अखेर २ डिसेंबर २०२५ला मतदान झालं. काही ठिकाणचं मतदान लांबून २० डिसेंबरला झालं आणि निकाल २१ला लागले.

प्रशासक असण्याचा व्यवहारातला अर्थ समजून घ्यायला हवा. एरवी मुख्याधिकारी प्रस्ताव ठेवतो आणि सभा तो मंजूर करते, फेटाळते किंवा बदलते. प्रशासकाच्या काळात प्रस्ताव आणि मंजुरी एकाच टेबलावर. सभा म्हणजे एक सही. या चार वर्षांत अधिकाऱ्यांनी वाईटच काम केलं असं मी म्हणणार नाही. काही गावांत लोक उलट सांगतात, की नगरसेवकांचा त्रास नव्हता तेव्हा कामं झपाट्यानं झाली. ते ऐकताना मला जास्त काळजी वाटते. निवडून आलेला माणूस मध्ये नसणं लोकांना सोयीचं वाटू लागलं, तर दोष केवळ अधिकाऱ्यांचा नाही आणि केवळ न्यायालयातल्या तारखांचाही नाही. ज्या सभेत आपल्याला कधी बोलताच आलं नाही, ती बंद झाल्याचं दुःख कुणाला होणार?

दरम्यान वरच्या पातळीवर नगराध्यक्ष कुणी निवडायचा याचा खेळ चालू होता. २०१६ साली लोकांनी थेट निवडायचा. २०२० साली पुन्हा नगरसेवकांनी. २०२२ साली सरकार बदललं, पुन्हा थेट लोकांनी. दोन्ही पद्धतींच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. मात्र ज्या गावांचा हा प्रश्न, त्यांतल्या एकालाही कुणी विचारलं नाही.

मग सावदेकराला कायद्यानं बोलण्याची संधी कुठंच नाही का? आहे, कागदावर. दर चार वर्षांनी घरांची पाहणी होते, चतुर्थ वार्षिक कर आकारणी. मोजणारे टेप घेऊन येतात, खोल्या, ओटा, पत्र्याचं शेड मोजतात, वार्षिक भाडेमूल्य धरतात आणि नोटीस येते. तिच्यावर मुदतीत हरकत घ्यायची, नगररचना विभागाच्या अधिकाऱ्यापुढं सुनावणी, मग अपील. त्या दिवसांत पालिकेच्या आवारात जी गर्दी होते, ती मला १८५२ची आठवण करून देते. तेव्हा शेत, आता घर. फरक एवढा, की आता प्रत्येकानं आपापली हरकत वेगळ्या कागदावर द्यायची आणि नाव पुकारल्यावर एकट्यानं आत जायचं. शेजारच्या आळीला दर कमी का लागला, पालिकेला मुळात किती पैसे लागतात आणि कशासाठी, हे विचारायची ती जागा नव्हे. आकडा कमी करून घ्यायची ती जागा. ज्याला अर्ज लिहिता येतो, ज्याची ओळख आहे, त्याचा आकडा कमी होतो, असा लोकांचा समज पक्का होतो तो इथूनच.

दुसरी संधी विकास आराखड्याची. १९६६च्या नगररचना कायद्यानं प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर तीस दिवसांत हरकती नि सूचना द्यायच्या. पुढच्या वीस वर्षांचं गाव त्या नकाशात ठरतं: शाळा कुठं, बाजार कुठं, रस्ता किती मीटरचा, कुणाच्या मळ्यावर आरक्षण. नकाशा पालिकेच्या भिंतीवर लागतो. तो वाचणं सोपं नाही. सर्व्हे नंबर, रंग, आडव्या-तिरप्या रेघा. ज्याच्या जमिनीवर आरक्षण पडलं तो वकील गाठतो. ज्याच्या मुलांना त्या आरक्षणामुळं खेळाचं मैदान मिळणार होतं, त्याला पत्ता नसतो. म्हणून हरकती येतात त्या आरक्षण काढा म्हणणाऱ्यांच्या. ठेवा म्हणणारा गैरहजर. दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देतो, पालिकेकडं पैसे नसतात, आणि आरक्षण रद्द होतं. मैदान नकाशातच उगवतं आणि नकाशातच मावळतं.

पालिकेकडं पैसे का नसतात, हे टपरीवरच्या भांडणात कधी येत नाही, आणि याची मला हळहळ वाटते. १९९९पर्यंत पालिकांची मुख्य कमाई जकात होती. गावात येणाऱ्या मालावर नाक्यावर पैसे. व्यापाऱ्यांना ती नकोशी होती, भ्रष्टाचारही होता, म्हणून सरकारनं नगरपालिका क्षेत्रातली जकात बंद केली आणि बदल्यात सहायक अनुदान सुरू केलं. तेव्हापासून पगार त्या अनुदानातून, आणि मोठी कामं त्या त्या योजनेच्या निधीतून. योजनेत जे बसतं तेच काम होतं. गावाला गटारीची गरज असली आणि निधी चौकाच्या सुशोभीकरणाला आला, तर सुशोभीकरण होतं. लोकांना वाटतं नगराध्यक्षाला अक्कल नाही. नगराध्यक्षाला वाटतं निधी परत जाण्यापेक्षा बरं. दोघंही आपापल्या जागी खरे. हिशेब समोर मांडून सगळ्यांनी बोलावं अशी जागा मात्र दोघांनाही नाही.

शिवाय गावातली प्रत्येक अडचण पालिकेची नसते. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा असा जातो. केळीच्या हंगामात ट्रकांची रांग, ऊस-कापसाच्या ट्रॉल्या, शाळेची मुलं, सगळं त्याच रस्त्यावर. रस्ता राष्ट्रीय महामार्ग, वीज महावितरणची, रेल्वे स्टेशन गावापासून दूर, तिथून दिल्लीला केळी जाते ती रेल्वेच्या वॅगनांनी. विहिरींचं पाणी खोल गेलं आहे, कारण रावेर आणि यावल हे तालुके भूजलाचा अतिउपसा झालेले म्हणून नोंदलेले आहेत. भूजल भरून काढण्याच्या तापी मेगा रिचार्ज प्रकल्पासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात १० मे २०२५ला भोपाळमध्ये करार झाला, पण ते पाणी जमिनीत उतरायला वर्षं लागतील. कोणता प्रश्न कुणाच्या दारात न्यायचा, हे ठरवायलाही आधी एकत्र बसावं लागतं. नाही तर सगळा राग समोर दिसणाऱ्या नगरसेवकावर निघतो, आणि ज्याच्या हातात निर्णय आहे तो निवांत राहतो.

विचारणारं कुणी नसलं की काय होतं, हे जिल्ह्याच्या गावानं भोगलं आहे. जळगावच्या तेव्हाच्या नगरपालिकेनं घरकुलांची योजना घेतली, अकरा हजारांवर घरांची. उभी राहिली दीड हजारांच्या आसपास. २००६ साली गुन्हा नोंदला गेला आणि ३१ ऑगस्ट २०१९ला धुळ्याच्या विशेष न्यायालयानं ४८ जणांना दोषी ठरवलं. त्यांत बहुसंख्य तेव्हाचे नगरसेवक होते. एवढ्या घरांचा ठराव ज्या सभेत झाला, तिथं बेघर माणसाला उभं राहून 'पाया कुठं खोदलाय ते दाखवा' म्हणता आलं असतं तर?

ग्रामसभा म्हणजे स्वर्ग, असं कुणी समजू नये. पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यातली कमी ती संख्या गणपूर्तीला लागते. ती भरत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरल्याच्या तक्रारी सगळ्या महाराष्ट्रात आहेत. दोन गट समोरासमोर येऊन सभा उधळते. महिलांची सभा पुष्कळ ठिकाणी नावालाच. हे सगळं खरं. पण खोटी ग्रामसभा घेतली तर तक्रार करता येते, आणि ती हातात धरून दाद मागता येते. सावद्यात जी सभाच नाही तिच्याबद्दल तक्रार कुठं करणार?

इलाज शोधायला फार लांब जावं लागत नाही. केरळच्या १९९४च्या नगरपालिका कायद्यात, एक लाखाच्या आतल्या शहरांसाठी प्रत्येक वॉर्डाची वॉर्डसभा आहे, त्या वॉर्डातले सगळे मतदार तिचे सदस्य. महाराष्ट्रानंही २००९ साली केंद्राच्या शहर अभियानाची अट म्हणून कायदा दुरुस्त करून क्षेत्रसभेची तरतूद केली. निधी मिळाला, अट कागदावर पुरी झाली, क्षेत्रसभा भरल्याच नाहीत. छोट्या शहरांत तर हा शब्दही कुणी ऐकलेला नाही.

नव्यानं निवडून आलेल्या सावद्याच्या नगरसेवकांना मुंबईच्या परवानगीची वाट पाहायची गरज नाही. आपल्या प्रभागातल्या मतदारांना तीन महिन्यांतून एकदा बोलवायला कोणताही कायदा आडवा येत नाही. जागेचा प्रश्नही नाही, पालिकेच्या शाळा आहेत. वेळ मात्र बायकांना विचारून ठरवावी, कारण नळाला पाणी येण्याच्या वेळी घराबाहेर पडता येत नाही, आणि पाण्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचं त्यांनाच आहे. पहिल्या सभेला विषय एकच ठेवावा: कोणत्या गल्लीत पाणी कोणत्या दिवशी किती वेळ येतं, आणि ते कुणी ठरवलं. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यानं व्हॉल्व्ह कुठं कुठं आहेत त्याचा नकाशा भिंतीवर लावावा. जे बोललं जाईल ते तिथंच लिहून काढावं, वाचून दाखवावं, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत पहिला विषय म्हणून ठेवावं.